टेकडीपलीकडे दिसत नाही

सोमवार, १ मार्च १९९९

आज मला नोकरी लागली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि तीही टीव्हीवर. लिहूनसुद्धा खरं वाटत नाही, म्हणूनच ही वही आणली. उद्या कुणी म्हणालं की असं काही झालंच नव्हतं, तर माझ्याकडे तारखा असाव्यात.

आमच्या स्कारनेस गावाला स्वतःचं चॅनल येतंय. लंडनच्या एका कंपनीला परवाना मिळालाय आणि हाय स्ट्रीटवर जे गालिच्यांचं दुकान बंद पडलं, त्याच्या माळ्यावर स्टुडिओ होतोय. मुलाखतीला बावीस जणी होत्या. एकवीस जणी माझ्या मुलीपेक्षा लहान, आणि बाविसावी मी. ज्युलियन सेव्हरी नावाचा साहेब होता. बत्तीसएक वर्षांचा असेल, बूट चकचकीत, पण आत मोजे नाहीत. त्यानं मला मासळीच्या लिलावाची यादी वाचायला दिली. वाचून झाल्यावर म्हणाला, "मिसेस फेल, तुमच्या आवाजावर विश्वास बसतो."

बसेलच. सत्तावीस वर्षं जहाजांच्या यार्डात टेलिफोनच्या बोर्डावर बसले. चौऱ्याण्णवला तीनशे चाळीस माणसं काढली, तेव्हा प्रत्येक खात्याला फोन करून नावं मीच वाचली. माझ्या नवऱ्याचं, विल्फचं नाव 'एफ'मध्ये होतं. त्याच्या वरचं माझं. आवाज हलू दिला नाही.

घरी येऊन विल्फला सांगितलं. तो बटाटे सोलत होता.

"कोण बघणार?" म्हणाला.

"लोक बघतील."

"टेकडीच्या या बाजूला पाऊस सोडून काही येत नाही, नोरीन," असं म्हणून त्यानं पुढचा बटाटा घेतला. पाच वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत लांब वाक्य असावं.

सोमवार, १५ मार्च

आज सुरू झालो. टीव्हीवर चोपन्न नंबर लावला की आम्ही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

पहिली नऊ मिनिटं आवाजच गेला नाही. मी आपली हसून बोलतेय, भरतीच्या वेळा सांगतेय, आणि बाहेर सगळं मुकं. मर्विन टायसन आमचा तंत्रज्ञ. यार्डात बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. तो टेबलाखाली तारा चाचपत होता आणि माझ्या पायापाशी शिव्या देत होता. बरं झालं, आवाज नव्हता. पहिला फोन आला तो एका म्हातारीचा. म्हणाली, "बाई, दिसतेस छान, पण मुकी आहेस का?"

घरी आले तेव्हा विल्फ मागच्या शेडमध्ये होता. आमच्या क्वारी रो गल्लीत चोपन्न नंबरला पडद्यावर नुसते पांढरे ठिपके दिसतात, मध्ये टेकडी येते ना. त्यामुळे त्यानं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "निळा रंग तुला बरा दिसतो." सकाळी निघताना ब्लाउज बघितला असेल. पण कोट तर मी गळ्यापर्यंत लावला होता. असो.

गुरुवार, २५ मार्च

मर्विन आज भडकला होता. प्रक्षेपणाचा मनोरा बीकन टेकडीच्या माथ्यावर उभारायचा ठरला होता. कंपनीनं तो निम्म्या उंचीवर, गावाच्या तोंडाला उभारला, कारण तिथवर रस्ता आयता होता. म्हणजे टेकडीपलीकडचं निम्मं गाव अंधारात. त्यानं चार पत्रं लिहिली. मी ज्युलियनला फोन केला. तो म्हणाला, "ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ." आवाज गोड आहे त्याचा. मला वाटतं घेतील. मर्विन म्हणतो, हे उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, त्यांना टेकडी नकाशावर सपाट दिसते.

शुक्रवार, ९ एप्रिल

सकाळी विल्फ चहा ओतता ओतता म्हणाला, "आपल्या यार्डातली 'डडन मेड' बोट बासष्टला पाण्यात उतरली नाही. एकसष्टला उतरली. मी होतो तिथं."

मी काल टीव्हीवर खरंच बासष्ट म्हणाले होते. "तुला कुणी सांगितलं?"

"कळतं."

मर्विन पबमध्ये सगळं बोलत असणार. त्याला सांगायला हवं की घरच्यांपुढे माझ्या चुका मोजू नकोस. आज चूक सुधारून पुन्हा सांगितली, ते बरं वाटलं.

आणखी एक. हार्डवेअरवाला रस्त्यात थांबवून म्हणाला, "तुझ्या नवऱ्यानं माझा सगळा तांब्याचा पाइप नेला. घरात गरम पाण्याचे झरे काढताय की काय?" न्हाणीघराचं काम काढलं असेल. पण न्हाणीघर तर आहे तसंच आहे. विल्फनं काम अर्धवट सोडलं तर मला नवल नाही. गेल्या पाच वर्षांत एवढंच बघतेय.

मंगळवार, ११ मे

ज्युलियननं कार्यक्रमासाठी काही पाठवलं नाही, म्हणून मी आणि मर्विननं आमचंच काहीतरी काढलं. नाव ठेवलं 'दार उघडं आहे'. सकाळी दहा ते बारा कुणीही जिना चढून यायचं आणि बोलायचं. पहिल्या दिवशी एक आला, तोसुद्धा संडास कुठे आहे विचारायला. मी त्यालाही बसवलं. तो निघाला गुसबेरी वाढवणारा. वीस मिनिटं बोलला.

आता खुर्च्या पुरत नाहीत. मासळी बाजारातली एक बाई नऊ सेकंदांत हेरिंग साफ करून गेली, स्टुडिओला दोन दिवस वास होता. गेल्या आठवड्यात एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "फ्रँक, अकरा वर्षं झाली. छत्री मीच नेली होती." दुसऱ्या दिवशी फ्रँक जिना चढून आला. छत्रीबद्दल एक अक्षर बोलला नाही. भावाशेजारी बसला आणि दोघं मिळून कुत्र्यांच्या शर्यतीबद्दल बोलले. मी मध्ये पडले नाही. मर्विन डोळे पुसत होता आणि म्हणत होता की धूळ आहे.

आमच्या गल्लीत नवीनच खूळ शिरलंय. चार घरांच्या छपरांवर तांब्याचे मोठे क्रॉस लागलेत, मागे कोंबड्यांची जाळी. शेजारच्या मिसेस पेनिंग्टनला विचारलं, तर म्हणाली, "कबुतरं हाकलायला." कबुतरं तर त्यांच्यावरच बसतात. आमच्या छपरावर नाही लागलं काही. विल्फला असली थेरं आवडत नाहीत.

बुधवार, २३ जून

ज्युलियन लंडनहून आला. पहिल्यांदाच. मला वाटलं, कार्यक्रम बघेल. त्यानं एका माणसाला सोबत आणलं होतं, आणि त्या माणसानं कॅमेरे, दिवे, माझी खुर्ची, किटलीसुद्धा, सगळ्यावर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येकीवर नंबर. मी म्हटलं, व्यवस्थित माणसं दिसतात, बहुतेक विमा काढताहेत. मर्विननं वाकून त्या चिठ्ठ्या नीट वाचल्या. नंतर त्यानं स्वतःचा सोल्डरिंगचा संच उचलून घरी नेला.

मी ज्युलियनला दुसऱ्या टप्प्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "वर चर्चा चालू आहे." मग दुपारची गाडी चुकेल म्हणून निघाला. चहा तसाच राहिला.

क्वारी रोवर आता सतरा क्रॉस झालेत.

सोमवार, १९ जुलै

गेल्या आठवड्यात हुकूम आला. तेव्हापासून दिवसभर लंडनहून आलेल्या कॅसेटी चालवायच्या. त्यात दोन माणसं चोवीस सुऱ्यांचा संच विकतात आणि प्रत्येक सुरीनं टोमॅटो कापतात. आम्हाला फक्त दुपारी एक तास. 'दार उघडं आहे' बंद.

मी तो तास घेतला. शिवाय प्रत्येक कॅसेट बदलताना चार मिनिटं घेतली. भरती-ओहोटीच्या वेळा, हरवलेली मांजरं, आणि कोण वारलं ते. तिसऱ्याच दिवशी ज्युलियनचा फोन आला.

"मिसेस फेल, तुम्ही करारापलीकडे जाताय."

"करारात मयतांची नावं वाचू नका असं कुठं लिहिलंय?"

"लोकांना असलं काही नको असतं."

"कुठल्या लोकांना? जे वारले त्यांना, की जे राहिले त्यांना?"

तो मग म्हणाला, "हे मी ऐकलंच नाही असं समजतो." मी म्हटलं, मग पुन्हा सांगते, आणि पुन्हा सांगितलं. फोन ठेवताना रिसीव्हर उलटा ठेवला. यार्डात असं कधी झालं नाही. मला वाटतं, तिथं मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवत होते. हे माझं होतं.

बुधवार, ११ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवायचंय.

आज सूर्यग्रहण होतं. मर्विन म्हणाला, आपण बीकन टेकडीच्या माथ्यावरून थेट दाखवू. मी म्हटलं, सुऱ्यांचं काय? तो म्हणाला, "सूर्य झाकला जातोय आणि तुला टोमॅटोची काळजी?" लांबच लांब तार ओढून आम्ही कॅमेरा वर नेला.

अकराच्या सुमाराला उजेड पातळ होऊ लागला. ढग होते, पण विरळ. सावल्या विचित्र झाल्या, गार वारं सुटलं, सीगल गप्प झाले. मी बोलत होते. एरवी टेकडीवर आले की मी गावाकडे तोंड करून उभी राहते. आज सूर्यासाठी उलटं वळावं लागलं, म्हणजे आमच्या बाजूला. क्वारी रो, तिच्यामागे मिल लेन, तिच्यामागची नवी घरं, सगळं पायाखाली.

छपराछपरांवर तांबं होतं. शेकड्यानं. त्या मंद उजेडात सगळे क्रॉस चमकत होते, आणि प्रत्येकाचं तोंड एकाच दिशेला वळलेलं. माझ्या पाठीमागे, आमच्या मनोऱ्याकडे.

मी बोलायची थांबले. किती वेळ ते माहीत नाही. मर्विन कॅमेऱ्यामागून म्हणाला, "नोरीन, प्रक्षेपण चालू आहे."

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गावाला माहीत होतं."

मग खालून आवाज आला. लोक दारांत उभे होते आणि भांडी वाजवत होते. ग्रहणासाठी नव्हे. मी त्यांच्याकडे बघतेय, हे त्यांना आत टीव्हीवर दिसलं होतं.

गुरुवार, १२ ऑगस्ट

काल घरी आले, तर शेडला कुलूप नव्हतं. आत शिरले. एक छोटा टीव्ही, एक खुर्ची, टेबलावर करवत, वेल्डिंगचा चष्मा, आणि खिडकीबाहेर मागच्या बाजूला पहिला क्रॉस. वेडावाकडा. सायकलच्या चाकाचा.

विल्फ पायरीवर बसला होता.

"किती केलेस?"

"एकशे नव्वद. पहिले सहा फुकट गेले, पाऊस दाखवायचे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

त्यानं नखातला मळ काढायला सुरुवात केली. "नसतं जमलं तर? पाच वर्षांत काही जमलं नव्हतं."

मला रागवायचं होतं. पाच महिने मी या माणसासमोर जेवले आणि दिवसभरात काय झालं ते सांगितलं नाही, कारण त्याला दिसत नव्हतं म्हणे. त्यानं मला रोज बघितलं आणि तेही सांगितलं नाही. दोघंही मूर्ख. मी त्याच्याशेजारी बसले. तो म्हणाला, "आज तू चार मिनिटं गप्प होतीस. मला वाटलं, माझ्या अँटेनाचा आवाज गेला."

शुक्रवार, ३ सप्टेंबर

पत्र आलं. तीस सप्टेंबरला संध्याकाळी सहाला चॅनल बंद. कारण दिलंय: 'पाहणीनुसार टेकडीपलीकडच्या भागात प्रेक्षकसंख्या शून्य.'

पाहणी एप्रिलमधली. फोन केला.

"मिस्टर सेव्हरी, आता तिकडे दोनशेवर अँटेना आहेत."

"ते अधिकृत नाहीत, मिसेस फेल."

"पण माणसं अधिकृत आहेत ना?"

"आमच्या नकाशात तो भाग व्याप्तीबाहेर आहे."

म्हणजे बघणारे बघतात, पण नकाशा म्हणतो ते बघत नाहीत. आणि त्या पिवळ्या चिठ्ठ्या. आज खुर्चीवरची नीट वाचली. खाली बारीक अक्षरात लिलाववाल्याचं नाव होतं. जूनपासून मी माझ्या विक्रीच्या नंबरावर बसून हसत होते. मर्विनला तेव्हाच कळलं होतं. मी त्याला म्हटलं, सांगायचंस तरी. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू असं बोलली असतीस का रोज?" माहीत नाही. बोलले असते असं वाटतं. पण खात्री नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

सुऱ्यांच्या कॅसेटी खोक्यात भरल्या आणि खोका जिन्याखाली ठेवला. 'दार उघडं आहे' पुन्हा सुरू. दहा ते सहा, दिवसभर. करायचं ते करा म्हणावं. बंद तर करतातच आहेत.

आज विल्फ आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्यानं तांब्याच्या पाइपाचा अँटेना करून दाखवला. कुठं कापायचा, कुठं वाकवायचा, जाळी किती अंतरावर. माणूस घरात आठवड्याला बारा शब्द बोलतो. इथं पाऊण तास बोलला आणि एकदाही अडखळला नाही.

ज्युलियनचा फोन थेट कार्यक्रमातच आला. मर्विननं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "सोळा दिवसांत बंद होणाऱ्या चॅनलसाठी अँटेना कशाला शिकवताय?"

विल्फनं पाइप खाली ठेवला नाही. "उद्या मरणाऱ्यालाही आज जेवायला वाढतातच, साहेब," म्हणाला, आणि पुढचं वळण दाखवलं.

हार्डवेअरवाल्याकडे दुपारी तीनला पाइप संपला.

गुरुवार, ३० सप्टेंबर

पाय सुजलेत. तरी लिहिते.

सकाळपासून रांग होती. जिन्यावरून खाली, हाय स्ट्रीटवर, बेकरीपर्यंत. मी प्रत्येकाला सांगितलं, हवं ते बोला, पण खोटं बोलू नका. एका बाईनं नवऱ्याची शेवटची बोट कुठं बुडाली ते नकाशावर दाखवलं. शाळेतल्या बाईंनी यार्डातल्या क्रेनची नावं पाठ म्हटली. फ्रँक आणि त्याचा भाऊ आले, दोघांत एक छत्री घेऊन. नवी.

पाचला ज्युलियन आला. त्याच्या हातात मला वाचायचा कागद. मी वाचला, शब्द न् शब्द: 'स्कारनेसच्या नागरिकांनी पुरेसा प्रतिसाद न दिल्यामुळे.' मग कोणी लिहिला ते सांगितलं, कागद टेबलावर पालथा ठेवला आणि म्हटलं, "हे खोटं आहे. प्रतिसाद तुमच्या छपरांवर आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही."

सहा वाजले. ज्युलियन दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. जिन्यावर अजून साठेक माणसं होती.

मी म्हटलं, "मिस्टर सेव्हरी, बंद करायचंय ना? इथं या. कॅमेऱ्यासमोर उभे राहा, स्वतःचं नाव सांगा, आणि तुमच्या हातानं बंद करा. रांगेतल्यांना दिसू दे."

तो दोन पावलं आत आला. उजेड तोंडावर पडला तसा थांबला. तेवढ्यात मला तो फार लहान वाटला. त्यालाही कुणीतरी फोनवर सांगत असणार काय करायचं ते. मग तो म्हणाला की लंडनशी बोलून येतो, आणि खाली गेला. जाताना रांगेनं त्याला वाट दिली. कुणी हात लावला नाही. तो परत आला नाही. लंडनच्या गाडीत बसताना दिसला म्हणे.

आम्ही रांग पुढे घेतली. शेवटचा नंबर मिसेस पेनिंग्टनचा. तिला काहीच सांगायचं नव्हतं. "मी नुसती आत काय आहे ते बघायला आले," म्हणाली, आणि खुर्चीत बसून सगळीकडे बघितलं. मीही तिला बघू दिलं.

आठ चाळीस झाले होते. मर्विननं विचारलं, "मी करू का?"

"नको. उघडलं आपण, मिटूही आपणच."

मी कॅमेऱ्याला म्हटलं, "उद्या सकाळी सहा सतराला भरती आहे. बोटी बघून काढा. मी नोरीन फेल." आणि बटण दाबलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विल्फनं माझा कोट धरला.

बुधवार, ६ ऑक्टोबर

लंडनहून एक कागद आलाय. त्यावर सही केली तर दोन महिन्यांचा पगार, आणि कंपनीबद्दल कुठेही बोलायचं नाही. तो तसाच परत पाठवला, सही न करता. सहीच्या जागी विल्फ लिलावाची एक पिवळी चिठ्ठी चिकटवणार होता, मी नको म्हटलं.

सोमवारी लिलावाच्या माणसांनी सामान नेलं. किटलीसुद्धा. गाव मात्र गप्प बसलेलं नाही. मिल लेनच्या लोकांनी टेकडीच्या माथ्यावर मनोऱ्यासाठी जागा मिळावी म्हणून शेतकऱ्याला गाठलं. तो म्हणाला, मेंढ्यांना अडचण नसेल तर त्यालाही नाही.

आज संध्याकाळी मर्विन परवान्याचा अर्ज घेऊन आला. अठ्ठावीस पानं. मटण-बटाट्याच्या टॅटी पॉटचं भांडं बाजूला सारून आम्ही तिघं टेबलाशी बसलो. अर्जदाराच्या नावापुढे स्कारनेसच्या तीनशे अकरा घरांची यादी जोडली. विल्फनं ती वळणदार अक्षरात लिहिलीय, क्वारी रोपासून.

अकराव्या पानावर एक प्रश्न होता: 'यापूर्वी प्रक्षेपणाच्या अटींचा भंग केला आहे का? केला असल्यास कालावधी व कारण लिहा.'

मर्विन म्हणाला, "'नाही' लिही. नाहीतर इथंच फेटाळतील."

विल्फनं पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं.

मी लिहिलं: 'होय. ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६ ते ८.४०. कारण: रांग संपली नव्हती.'